मिहानमधली बिझनेस ॲनालिस्ट ॲप्रेंटिसशिप: घ्यावी का?

माझं उत्तर आहे, घ्यावी. मिहान म्हणजे नागपूरचा औद्योगिक परिसर, आणि बिझनेस ॲनालिस्ट म्हणजे काम कसं चालतं ते समजून घेऊन सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवं ते लिहून देणारा माणूस. बीकॉम किंवा बीबीए झालेल्या, कोडिंग न येणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींनी तर नक्की विचार करावा. मात्र सही करण्याआधी एचआरला एवढं विचारा: मला कोणत्या प्रोसेसवर बसवणार, आणि ते काम रोज करणाऱ्या माणसांना मला भेटता येईल का? वर्ष कामी येतं की वाया जातं, ते बरंचसं याच उत्तरावर ठरतं. आमच्या बॅचमधली काही हुशार मुलं मीटिंगचे मिनिट्स लिहिण्यात आणि पीपीटी सजवण्यातच अडकली. मला परतीच्या मालाची प्रोसेस मिळाली.

कंपनी मोठी, देशभर गोदामं असलेली. पंखे, मिक्सर, कूलरचे पंप असा माल उत्पादकांसाठी साठवायचा आणि डीलरपर्यंत पोचवायचा, हा धंदा. पुढे काही तक्रारीही मांडणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही. नेमणूक 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, केंद्राच्या नॅट्स योजनेतून होती.

सुरुवातीचं प्रशिक्षण ठीकठाक. बीआरडी (धंद्याला काय हवं ते मांडणारा दस्तऐवज) कशी लिहायची, युजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली एक गरज) म्हणजे काय, कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरा सॉफ्टवेअरचा बोर्ड कसा वाचायचा, डेटाबेसमधून माहिती काढायला थोडं एसक्यूएल. व्हिडिओ पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची. यातलं बरंच घरबसल्या फुकटात शिकता येतं. एक्सेल मात्र आधीच पक्कं करून जा. पिव्होट आणि व्हीलूकअप जमत असेल तर पहिल्याच आठवड्यात लोक तुम्हाला काम देऊ लागतात.

खरं शिक्षण गोदामात झालं.

विषय असा होता. डीलरने परत पाठवलेल्या मालाची क्रेडिट नोट (त्याच्या बिलातून तेवढी रक्कम वजा करणारा कागद) निघायला फार उशीर होत होता आणि डीलर वैतागले होते. यात जीएसटीचाही पेच असतो. एका आर्थिक वर्षातल्या विक्रीची क्रेडिट नोट उशिरात उशिरा पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात दाखवावी लागते, नाहीतर विकणाऱ्याला त्यावरचा कर कमी करून मिळत नाही. म्हणून मुख्य कार्यालयाची मागणी आली की परतीच्या मालाचा डॅशबोर्ड बनवा, कुठलं गोदाम मागे आहे ते आम्हाला दिसलं पाहिजे.

मी लगेच डॅशबोर्डचे रकाने आखायला घेतले असते, पण माझ्या गाइड मॅमनी थांबवलं. म्हणाल्या, "आधी गोदामात जाऊन बस. लॅपटॉप नको, वही ने. आणि कोणाला सल्ला देऊ नको." त्या मॅमसाठी या अनुभवाला मी आणखी एक तारा जास्त देईन.

वर्धा रोडच्या बाजूचं गोदाम, पत्र्याचं छत, मे महिना. नागपूरच्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. तिथल्या सुपरवायझर भाऊंनी मला गेटजवळ खुर्ची दिली आणि म्हणाले, "पाहा मॅडम, संध्याकाळी सगळं समजते."

संध्याकाळी परतीच्या गाड्या येत. नेमकी तीच वेळ बाहेर जाणाऱ्या गाड्या भरायची. सगळे हमाल तिकडे, कारण ती गाडी चुकली तर रात्रीची डिलिव्हरी चुकते. गेटवरचा माणूस सिस्टिममध्ये नोंद करी आणि स्क्रीनवर लगेच 'माल प्राप्त' असं दिसू लागे. प्रत्यक्षात खोकी कोपऱ्यात रचून ठेवलेली. मोजणी हात रिकामे झाले की, म्हणजे दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही पुढे. मोजायला घेतलं की नवीन भानगड: मिक्सर आहे पण भांडं नाही, पंख्याचा सिरियल नंबर बिलाशी जुळत नाही, खोकं फाटून बारकोडच गेला. मग डीलरला फोन, डीलर म्हणतो ड्रायव्हरला विचारा. तोवर जीआरएन, म्हणजे माल मोजून स्वीकारल्याची नोंद, होत नाही, आणि जीआरएन नाही तर क्रेडिट नोट नाही.

"तुम्ही माल आला म्हणून लिहून राहिले," भाऊ म्हणाले, "पण मोजला कुठं अजून?"

माझ्या वर्षभराच्या कामाचा पाया या एका वाक्यावर उभा आहे. गेट ते जीआरएन यांच्यामधला सगळा वेळ मुख्य कार्यालयाला दिसतच नव्हता. सांगितल्याप्रमाणे डॅशबोर्ड बनला असता तर त्यावर सगळी गोदामं वेळेवर दिसली असती आणि डीलर तसेच ओरडत राहिले असते.

मग मी आजची प्रोसेस जशी आहे तशी कागदावर काढली, भाऊंना आणि गेटवरच्या काकांना दाखवून दुरुस्त करून घेतली. त्यावरून मागणी बदलली: एका स्टेटसऐवजी तीन. गेटवर आला, मोजला, तपासून मंजूर. अडलेल्या मालाला कारण निवडणं सक्तीचं. भाऊंची एकच अट होती की कारण टाइप करायला लावू नका, धुळीच्या हाताने मोबाईलवर यादीतून निवडता आलं पाहिजे आणि यादी मराठी-हिंदीत हवी. मी ती अट जशीच्या तशी युजर स्टोरीत लिहिली. डेव्हलपर मंडळींनी यादीची भाषा नंतर पाहू म्हटलं, तेव्हा मॅम बैठकीत ठाम राहिल्या. यूएटी, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून होणारी शेवटची चाचणी, आम्ही ऑफिसात न करता गोदामातच केली. तिथेच कळलं की फाटक्या बारकोडसाठी नंबर हाताने टाकायची सोय राहिली होती. वातानुकूलित खोलीत, धड खोक्यांवर चाचणी केली असती तर ते कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. बदल सुरू झाल्यावर भाऊंनी आपणहून फोन करून सांगितलं की आता वरून विनाकारण बोलणं ऐकावं लागत नाही. त्या फोनचा मला आजही अभिमान आहे.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

पैसे. माझ्या वेळी 2019 च्या नियमांनुसार पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान 9,000 रुपये द्यावे लागत आणि नॅट्समध्ये त्या किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार उचलत असे. आमची कंपनी त्या किमान रकमेवर फारशी गेली नाही. मी घरून जात होते, सीताबर्डीहून मेट्रोने खापरी आणि पुढे कंपनीची बस, म्हणून निभावलं. गोंदिया, चंद्रपूरहून आलेल्या मैत्रिणींची खोलीभाडं आणि मेस यांतच दमछाक व्हायची. एकीने तर त्यापायीच मध्येच सोडलं. काम कर्मचाऱ्याइतकं घेता, तर बाहेरगावच्या मुलींच्या राहण्याचा विचार एवढ्या मोठ्या कंपनीने करायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅपटॉप आणि सिस्टिमचे ॲक्सेस फार उशिरा मिळाले. आणि नोकरीबद्दल शेवटपर्यंत कोणी सरळ बोललं नाही. कायद्याने कंपनीवर नोकरी द्यायचं बंधन नाही, शिकाऊ उमेदवार हा कामगारही धरला जात नाही. हे ठाऊक असलं तरी "पाहू, पाहू" ऐकत शेवटचे महिने काढणं वाईट. स्पष्ट नाही म्हणाले असते तर सगळ्यांनी वेळेत बाहेर अर्ज केले असते. आमच्यातल्या थोड्यांना ठेवून घेतलं, मला नाही.

मला नागपुरातच दुसरीकडे ज्युनिअर ॲनालिस्टचं काम मिळालं. मुलाखतीत प्रमाणपत्रावर नजर टाकून बाजूला ठेवलं आणि पुढचा सगळा वेळ परतीच्या मालावर प्रश्न विचारले: कोणाला भेटलीस, पहिली मागणी काय होती, ती का बदलली, विरोध कोणी केला.

अर्ज करणार असाल तर दोन कामं आधी उरका. नॅट्सच्या पोर्टलवर नोंदणी करताना पदवीच्या कागदांवरचं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळतं का पाहा. आणि बँक खातं आधारशी जोडून घ्या, सरकारचा वाटा थेट त्याच खात्यात येतो.