रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेतील नर्व्ह ब्लॉक : मुंबईतील एका वेदनाशमन सेवेचा अनुभव

मुंबईत रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेची चौकशी करताना सर्जन, यंत्र आणि खर्च यांविषयी भरपूर ऐकायला मिळते. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे कोण सांभाळणार, हे मात्र आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. माझ्या वडिलांची ही शस्त्रक्रिया कर्करोगासाठी मध्य मुंबईतील एका खाजगी इस्पितळात झाली. हा अभिप्राय फक्त तेथील भूलविभागाच्या वेदनाशमन सेवेबद्दल आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीची भूल-तपासणी उत्तम झाली. भूलतज्ज्ञ बाईंनी केसपेपरच्या पाठीमागे पोटाच्या बाजूच्या स्नायूंचे तीन थर पेनने काढले आणि आतल्या दोन थरांमधून पोटाच्या भिंतीला संवेदना देणाऱ्या नसा कशा जातात, ते बाबांना नीट समजावले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून आणि डोक्याकडची बाजू बरीच खाली झुकवून ही शस्त्रक्रिया होत असल्याने पूर्ण भूल द्यावीच लागते; त्याच भुलीत, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत, दोन्ही बाजूंना त्या थरांच्या मध्ये रोपिव्हॅकेनसारखे बधिर करणारे औषध सोडतात. हा टॅप ब्लॉक. 2001 मध्ये तो प्रथम मांडला गेला तेव्हा सुई हाताला लागणाऱ्या खुणांवरून घालत असत. सोनोग्राफीमुळे औषध नेमके कुठे पसरते आहे ते आता डोळ्यांना दिसते.

नसा बधिर केल्या तर पुढे लघवीवरचा ताबा जाईल का, अशी भीती बाबांना होती. प्रोस्टेटला लगटून जाणाऱ्या नसा निराळ्या असतात, त्यांना हे औषध लावत नाहीत आणि त्या जपण्याचे काम सर्जनचे असते, हे त्यांना घाई न करता सांगितले गेले. इतका वेळ देणारे डॉक्टर भेटणे ही मोठी गोष्ट आहे.

ब्लॉकचा गुण त्याच संध्याकाळी दिसला. फिजिओथेरपिस्टने खोकायला सांगितल्यावर बाबांनी घडी घातलेला टॉवेल पोटावर दाबून धरला, दोनदा खोकले आणि म्हणाले, “ओढ बसतेय, पण कळ नाही.” पॅरासिटामॉलवर भागले, मॉर्फिनच्या जातीचे औषध द्यावे लागले नाही. त्या औषधांनी मळमळते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि वयस्कर माणूस कधीकधी भ्रमिष्टासारखा वागू लागतो, म्हणून याचे महत्त्व मला फार वाटते.

रात्री मात्र सेवा कमी पडली. बाबांना सारखी लघवीची तीव्र भावना होऊ लागली, ओटीपोटात पेटके येऊ लागले आणि ते अंथरुणातून उठू पाहत होते. हा त्रास कॅथेटरमुळे, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीमुळे, मूत्राशय आवळल्याने होतो. टॅप ब्लॉक पोटाच्या भिंतीपुरता असतो, तो मूत्राशयापर्यंत पोहोचतच नाही. रात्रपाळीच्या सिस्टरना हे माहीत नसावे, कारण “ब्लॉक दिलाय, मग दुखायला नको,” एवढेच उत्तर आम्हाला बराच वेळ मिळत राहिले. शेवटी निवासी डॉक्टरांनी येऊन नळी कुठे दुमडली नाही ना, हे पाहिले आणि मूत्राशयाचे आकुंचन कमी करणारे औषध दिले, तेव्हा त्यांना झोप लागली. दुखण्याचा आकडाही बाबा स्वस्थ पडलेले असतानाच विचारून तक्त्यात भरला जात होता. कुशीवर वळताना किंवा उठून बसताना किती दुखते, याची नोंद कुठेच नव्हती. ज्या विभागाने ब्लॉक इतक्या काळजीने दिला, त्याने त्याची मर्यादा वॉर्डपर्यंत पोहोचवू नये, हे मला खटकते.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. कापल्या जागेच्या दुखण्यासाठी पूर्ण, रात्रीच्या देखरेखीसाठी फारच थोडे. येथे किंवा अन्यत्र हा ब्लॉक घेणार असाल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि बधिर करणाऱ्या औषधाचा पूर्वी आलेला त्रास तपासणीतच सांगावा, वजनही त्याच दिवशीचे द्यावे, कारण औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते. एका वेळच्या ब्लॉकचा असर काही तासांनी ओसरतो, तेव्हा पुढचे औषध किती वाजता आणि कॅथेटरच्या पेटक्यांसाठी कोणते, हे केसपेपरवर लिहून घ्यावे आणि रात्रपाळी बदलताना सिस्टरना तो कागद स्वतः दाखवावा.