घरी बांधलेलं १.३ टर्बो डिझेल इंजिन: वापरानंतरचा अनुभव

जुन्या स्विफ्ट डिझेलचं इंजिन जळगावजवळ आमच्या गावी, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्ण उघडून बांधलं, त्याला आता बरेच महिने झाले. मध्ये लग्नसराई गेली, आपला मे महिना गेला, पावसाळाही निम्म्याहून जास्त सरला. इंजिन ठणठणीत आहे, आणि त्याचं श्रेय मी सगळ्यात आधी तेलाच्या वाटेला देतो. टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा) नंबर त्यानंतर.

इंजिन म्हणजे फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट, ७५ पीएसचं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत हेच बसलं, त्यामुळे पार्टसाठी फार भटकावं लागत नाही. तक्रारी ठरलेल्या होत्या: निळा धूर, चढाला दम नाही, टर्बोनंतरच्या पाईपात तेलाचा ओला थर. ज्याला गाडी दाखवावी तो म्हणे, टर्बो गेला, बदला.

मला ते पटलं नाही. चालू इंजिनचं ऑईल टाकायचं झाकण सैल केलं की आतून धूर फसफसत बाहेर येत होता. याचा अर्थ रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) झिजल्या आहेत आणि सिलिंडरमधला वायू खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतोय. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल परत चेंबरमध्ये जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने, जाड पाईपातून. खाली दाब वाढला की तेल पाईपात अडतं, टर्बोत साठतं आणि सीलमधून दोन्ही बाजूंना निघतं. अशा इंजिनावर नवाकोरा टर्बो चढवला तरी तोही तेल फेकणार. शिवाय टर्बोनंतरच्या पाईपात साठलेलं तेल एकदम इंजिनाने ओढलं तर चावी काढूनही डिझेल इंजिन थांबत नाही, आपलंच तेल जाळत वेग धरतं. हा धोका अनेकांना माहीत नसतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

इंजिन चेन कप्पीने वर काढलं. मोजमापाचं आणि कापायचं काम मात्र लेथवर नेलं, ते घरी होत नाही आणि करूही नये. आमचे लेथवाले आबा जुन्या वळणाचे. मी रिंगांचं बोलायला लागलो तर म्हणाले, "भाऊ, पहिले मोजी लेऊत, मंग बोलूत." बोअर (पिस्टन फिरतो तो सिलिंडरचा पोकळ भाग) वर-खाली आणि आडवा-उभा मोजला, तर तो लंबगोल झालेला. नुसत्या रिंगा टाकल्या असत्या तर पैसे मातीत. बोअर पुढच्या मापाला करून ओव्हरसाईझ पिस्टन घेतले. होनिंगच्या (बोअर आतून घासताना उमटणाऱ्या) तिरप्या रेघा नीट आल्या पाहिजेत, कारण तेल धरून ठेवतात त्या याच रेघा. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) मापात होता, पॉलिशवर भागलं. बेअरिंग मात्र सगळी नवी.

हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तडा आहे का ते प्रेशर देऊन तपासलं, घासून सपाट केलं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्या जाडीचं हेड पॅकिंग घ्यावं लागतं, दुकानदार देईल ते नाही. हेडचे बोल्ट ताणले जाणारे आहेत, आधी टॉर्क आणि मग अंशांत फिरवून कसायचे. जुने परत वापरू नका. टायमिंगला (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ ठेवायला) बेल्ट नसून चेन आहे. तिचा पूर्ण सेट बदलला, टेन्शनर आणि गाईडसकट. लॉकच्या पिना असल्याशिवाय या इंजिनाच्या टायमिंगला हात लावू नये. इंजेक्टर नोझलवाल्याकडे बेंचवर तपासून घेतले.

सगळ्यात जास्त वेळ गेला धुण्यात, आणि त्याचं मला समाधान आहे. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ कुठूनही शिरते, म्हणून जोडणी पहाटे, वारा पडलेला असताना केली आणि उरलेला वेळ ब्लॉक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. दुसरी गोष्ट सुताची. गॅरेजमध्ये सर्रास कॉटन वेस्ट वापरतात, पण त्याचा एक धागा तेलाच्या बारीक भोकात अडकला तर बेअरिंग गेलंच. आत फक्त तंतू न सोडणारं कापड वापरलं, आणि क्रँकच्या प्रत्येक भोकातून ब्रश आणि हवा मारली. टर्बोचं कार्ट्रिज (आतला फिरणारा गाभा) नवं घातलं. तेल आणणारा बारीक पाईप नवा घेतला, कारण जुन्यात जळून कडक झालेली काजळी असते. परतीच्या पाईपाला सिलिकॉन लावलं नाही. दाबल्यावर ते आत येतं आणि वाट अरुंद करतं. चेंबरमधला वायू बाहेर पडण्याची वाट म्हणजे ब्रीदर, तोही मोकळा केला.

पहिल्यांदा सुरू करताना टर्बोत हाताने तेल भरलं, डिझेल बंद ठेवून ऑईलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला, मगच पेटवलं. नंतर उभ्या उभ्या चालवत बसलो नाही. लगेच रस्त्यावर नेऊन कमी-जास्त ओढ दिली, कारण रिंगा बोअरला दाबाखालीच बसतात. पहिलं ऑईल हजार किलोमीटरच्या आत काढलं.

आता वापराबद्दल. चाळीसगावहून कन्नड घाट पाच माणसं आणि सामान घेऊन चढते, आणि १,८०० ते २,००० फेऱ्यांच्या मध्ये टर्बो उचलतो तो जाणवतो. मे महिन्यात दुपारी एसी चालू ठेवून धुळ्यापर्यंत गेलो, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. दोन ऑईल बदलांमध्ये वरून तेल टाकावं लागलेलं नाही. टर्बोनंतरचा पाईप मी मुद्दाम मधूनमधून काढून बघतो, आत पुसट तेलकटपणा आहे, थर नाही. झाकण सैल केलं तर धूर येत नाही. उणीव सांगायची तर थंडीच्या सकाळी सुरुवातीला हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर व्हॉल्व्हची फट राखणारे) थोडे वाजतात, आणि नव्या कार्ट्रिजची शिट्टी आधीपेक्षा जास्त ऐकू येते.

मजुरीत वाचले ते पैसे चेन सेट आणि इंजेक्टरांत गेले, तेव्हा स्वस्तात होईल म्हणून हे काम कुणी घेऊ नये. जागा कोरडी आहे, जवळ भरवशाचा लेथवाला आहे आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तरी अडत नाही, असं असेल तर जरूर करा. ऑईल मी आता सात-साडेसात हजार किलोमीटरवरच बदलतो, आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवूनच चावी काढतो.