गिम्पमधील पॅनेल्स : हरवतात, पण सापडतात

आईवडिलांच्या लग्नातील एका पिवळ्या पडलेल्या छायाचित्रावरील ओरखडे घालवावेत आणि खाली तारखेची एक ओळ लिहावी, एवढ्याच कामासाठी मी गिम्प हे चित्रे सुधारण्याचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेतले. मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० ही आवृत्ती तेव्हापासून मी वापरत आहे. रंग सुधारण्याची तिची ताकद किंवा फिल्टरची संख्या यांविषयी इतरत्र पुष्कळ वाचायला मिळते; माझ्या मते नवखा माणूस अडतो तो त्याआधीच, पॅनेलांच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या साधनांच्या व पर्यायांच्या चौकटींच्या गर्दीत, म्हणून हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

पहिल्यांदा उघडल्यावर मध्ये चित्राची जागा, डावीकडे टूलबॉक्स म्हणजे साधनांची पेटी, त्याच्याखाली निवडलेल्या साधनाचे पर्याय, उजवीकडे वर ब्रश, पॅटर्न आणि फॉन्ट, तर खाली लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), चॅनेल आणि पाथ अशी मांडणी दिसते. २०१२ मध्ये २.८ आवृत्ती येईपर्यंत हे सारे सुट्या खिडक्यांमध्ये विखुरलेले असे. त्या मानाने आताचे घर बरेच आवरलेले आहे. मात्र आवरण्याच्या नादात टूलबॉक्समधील एकसारखी साधने एकाच चिन्हाखाली रचून ठेवली आहेत. ओरखडे भरून काढणारे हील हे साधन क्लोनच्या, म्हणजे चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाच्या चिन्हाखाली दडलेले असते आणि त्या चिन्हावर माउसचे बटण दाबून धरले की दिसते. प्रेफरन्सेस या सेटिंगच्या खिडकीतील टूलबॉक्सच्या पानावर हे गट मोडता येतात. निदान पहिले काही आठवडे ते मोडलेलेच ठेवावेत, असे मी सुचवीन.

पॅनेल हरवण्याचा अनुभव प्रत्येकाला एकदा तरी येतो. माझ्याकडून दुसऱ्या खिडकीत जाताना ऑल्टची कळ निसटली, नुसती टॅब दाबली गेली आणि चित्र सोडून दोन्ही बाजूंचे सर्व काही एका क्षणात नाहीसे झाले. सॉफ्टवेअर बिघडले असे समजून मी ते काढून पुन्हा बसवण्याच्या तयारीत होतो. प्रत्यक्षात पुन्हा टॅब दाबणे पुरेसे होते. एखादेच पॅनेल चुकून बंद झाले असेल, तर गिम्पच्याच ‘विंडोज’ नावाच्या मेनूतील डॉकेबल डायलॉग्ज या यादीत ते मिळते, आणि एकत्र ठेवलेल्या पॅनेलांचा अख्खा गठ्ठाच, म्हणजे डॉक, बंद झाला असेल तर त्याच मेनूत नुकत्याच बंद केलेल्या डॉकची वेगळी नोंद असते. ‘डॉकेबल डायलॉग्ज’ हे नाव वाचून हरवलेले पॅनेल येथे सापडेल असे कोणाला सुचेल, हा प्रश्न मला अजूनही पडतो. प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या कोपऱ्यातील लहानसा त्रिकोणही असाच मुखदुर्बळ आहे. नवी टॅब जोडणे, असलेली बंद करणे, ती ओढताना निसटू नये म्हणून जागेवर पक्की करणे, ही सगळी कामे त्याच्या पोटात आहेत, पण बाहेरून तो केवळ शोभेचा वाटतो.

खरे काम चालते ते लेअरच्या पॅनेलमध्ये, आणि बहुतेक गोंधळांचे मूळही तिथेच असते. मूळ छायाचित्राला धक्का लागू नये म्हणून मी त्यावर एक रिकामा पारदर्शक लेअर घेतला, क्लोन निवडले, कंट्रोल दाबून गालाजवळच्या स्वच्छ भागावर क्लिक केले आणि ओरखड्यावरून ब्रश फिरवला. काहीच उमटले नाही. उजवीकडे लेअर बरोबर निवडलेला होता, परंतु डावीकडे साधनाच्या पर्यायांमधील ‘सॅम्पल मर्ज्ड’ (सर्व दिसणाऱ्या लेअरमधून नमुना घेणे) या चौकटीत खूण नव्हती, त्यामुळे क्लोन बिचारे रिकाम्या लेअरमधूनच रिकामेपण उचलून आणत होते. खूण करताच गाल भरून आला. ब्रश चालत नसेल तेव्हा ही दोन्ही पॅनेले एकत्र वाचावीत, आणि चित्रावर कुठे जुने सिलेक्शन (निवडून ठेवलेला भाग) उरले आहे का, तेही पाहावे. ३.० मध्ये लेअरवर लावलेले फिल्टर नंतर बदलता येतात, त्यांची यादी लेअरच्या ओळीतील ‘एफएक्स’ या चिन्हावर क्लिक केल्यावर उघडते. सोय उत्तम आहे, चिन्ह मात्र बारीक.

तारखेची ओळ लिहिताना देवनागरीने सुखद धक्का दिला. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या सगळे जागच्या जागी बसले आणि त्यासाठी कोणतेही वेगळे सेटिंग करावे लागले नाही. तक्रार आहे ती अक्षरांच्या आकाराबद्दल, कारण तो दोन ठिकाणी बदलता येतो: साधनाच्या पर्यायांत आणि मजकुराच्या डोक्यावर तरंगणाऱ्या छोट्या पट्टीत. पट्टीतून एकदा आकार दिला की त्या अक्षरांपुरते तिचेच चालते, आणि डावीकडे आकडे कितीही वाढवले तरी ओळ हलत नाही. शिवाय ही पट्टी नेमकी वरच्या मजकुरावर येऊन बसते.

सध्या माझ्या तेरा इंची लॅपटॉपवर डावीकडे टूलबॉक्स व साधनाचे पर्याय, उजवीकडे लेअर आणि त्याच गठ्ठ्यात अंडू हिस्टरी (केलेल्या बदलांची यादी), एवढेच उघडे असते. ब्रश, पॅटर्न वगैरे मी बंद केले आहेत आणि एखादी आज्ञा कुठे आहे हे आठवेना, तर तिरप्या रेघेची (/) कळ दाबून तिचे नाव शोधतो. मांडणी मनासारखी झाल्यावर प्रेफरन्सेसमधील विंडो मॅनेजमेंटच्या पानावर ती जतन करण्याचे बटण आहे, आणि सगळे विस्कटलेच तर मूळ जागांवर परत नेणारे बटणही तिथेच आहे. ते दाबल्यावर लगेच काही घडत नाही, गिम्प बंद करून पुन्हा उघडावे लागते. हे ठाऊक नसल्याने मी ते बटण ओळीने चार वेळा दाबले होते.