चाई पडलेल्या लेकीसाठी: विग की स्कार्फ?

चाईत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि केस गळून चट्टे पडतात. ती संसर्गजन्य नाही. मुळं सहसा शाबूत राहतात, त्यामुळे केस परत येऊ शकतात; पण कधी, हे सांगता येत नाही. तोवर डोक्यावर काय घालायचं, हा चौदा-पंधराव्या वर्षी फार मोठा प्रश्न असतो.

विगचा फायदा उघड आहे: अनोळखी नजरा वळत नाहीत. खऱ्या केसांचा विग महाग, पण हवा तसा विंचरता येतो. सिंथेटिक स्वस्त, मात्र ड्रायरच्या उष्णतेने खराब होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईत दोन्हींखाली टाळू घामाने खाजते. शिवाय पीटीच्या तासाला तो सरकेल ही धास्ती वेगळीच.

सुती स्कार्फ हलका, रोज धुता येणारा, खिशाला परवडणारा. 'डोक्याला काय झालं गं?' हे मात्र ऐकावं लागतं. गणवेशात बसत नाही म्हणून शाळेशी आधीच बोलावं लागतं (ते पालकांनीच करावं, मुलीवर ढकलू नये).

माझा कल रोजसाठी स्कार्फकडे, लग्नकार्याला विगकडे. पण निवड तिची. दोन्ही नको म्हणाली, तर तेही चालेल. फक्त नातेवाइकांचे कांद्याच्या रसाचे सल्ले दारातच थोपवा.