विहिरीवर सौरपंप घ्यावा, की तारेच्या जोडणीचा हट्ट धरावा?

हा प्रश्न मुख्यतः दोघांना पडतो. एक म्हणजे ज्यानं कोटेशन, म्हणजे जोडणीसाठी मागितलेली रक्कम, भरलंय, पण विहिरीपर्यंत खांब अजून पोचलेला नाही. दुसरा म्हणजे वाटणीनंतर ज्याच्या तुकड्यावर पाणी आहे पण जोडणी भावाच्या नावावर राहिली. ज्याच्या विहिरीवर तारेची वीज आधीच चालू आहे त्याच्यापुढं हा पेच नाही, कारण चालू जोडणीवाल्याला ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत बसवत नाहीत. त्यानं शेवटचा, जमीन भाड्यानं देण्याचा भाग वाचला तरी पुरे.

दोन्ही बाजूंना सरकारच आहे आणि दोन्हीकडं सूर्यच आहे. सौरपंपात पॅनेल तुमच्या बांधावर येतात आणि तारेशी संबंध संपतो. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजनेत पॅनेल उपकेंद्राजवळ बसतात, वीज शेतीच्या वेगळ्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवर) येते, आणि तुमच्या शेतातले खांब, तारा, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जशाच्या तशा राहतात. ही योजना २०१७ची. तिची दुसरी आवृत्ती २०२३ला आली, आणि त्यातला पहिला प्रकल्प, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा, २०२४मध्ये सुरू झाला. लक्ष्य आता १६ हजार मेगावॉटपर्यंत गेलंय. आपला फीडर त्यात कधी येणार, हे गावातला पुढारी छातीठोकपणे सांगतो. त्यापेक्षा उपकेंद्रावर जाऊन विचारलेलं बरं.

पैशापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. सौरपंपाला केंद्राचे ३० आणि राज्याचे ६० टक्के मिळून ९० टक्के अनुदान आहे. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. हा हिस्सा एकदा भरला की पुढं बिल नाही. तारेच्या जोडणीवरही साडेसात एचपीपर्यंत आज बिल नाही, कारण ‘बळीराजा मोफत वीज’ योजना आहे. मग फरक काय?

फरक असा की एक सवलत लोखंडात आणि काचेत उतरून तुमच्या शेतात उभी राहते, दुसरी दरवर्षीच्या अर्थसंकल्पात मांडावी लागते. मोफत विजेची घोषणा जून २०२४मध्ये झाली, निवडणूक नोव्हेंबरात. मुदत मार्च २०२९पर्यंत, आणि बोजा वर्षाला चौदा हजार कोटींच्या वर. ज्यांना २००४ आठवतं त्यांना यातली गोम कळेल. तेव्हाही विधानसभेच्या तोंडावर शेतीपंपाची वीज फुकट झाली होती. निवडणूक जिंकून तीच आघाडी परत सत्तेत आली आणि २००५मध्ये तिनंच ती सवलत मागं घेतली. पुन्हा तसंच होईल असं माझं म्हणणं नाही. पण ‘तारेची वीज फुकट आहे, मग सौर कशाला’ एवढ्या एका हिशेबावर वीस वर्षांचा निर्णय घेऊ नये.

सरकारला सौर का हवंय, हेही समजून घ्यावं. शेतीची वीज स्वस्त किंवा फुकट देण्याचा भार आजवर उद्योगांच्या वाढीव दरावर आणि राज्याच्या तिजोरीवर पडत आला. सौर वाहिनीची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून दोघांचाही भार हलका होतो. सौरपंप दिला की शेतकरी महावितरणच्या खात्यातूनच निघून जातो: ना थकबाकी, ना वीज तोडल्याचं आंदोलन, ना डीपीसाठी मोर्चा. सरकारची सोय त्यात मोठी आहे. तुमची आहे का, ते पुढं बघू.

पाण्याच्या वेळेचं बघा. तारेची थ्री फेज साधारण आठ तास मिळते, आणि ती निम्मे दिवस रात्री. जानेवारीत रात्री बाराला गव्हाचं बारं मोडायला जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं, आणि जुन्नर-संगमनेरकडं असाल तर उसातल्या बिबट्याची धास्ती. सौरपंपानं ही रात्रपाळी संपते. त्याच्या बाजूनं माझ्या लेखी हा सर्वांत मोठा मुद्दा आहे, अनुदानाहूनही मोठा. फीडर सौर झाला की तारेवरही वीज दिवसा मिळते, पण तो होईपर्यंत नाही.

दिवसाचं पाणी मात्र दोन्हीकडं सारखं नसतं. सौरपंप सकाळी आठला चालू होतो तेव्हा पाइपातून पाणी नुसतं ओघळतं. दहानंतर धार भरते, चारनंतर पुन्हा बसते. ऊन असताना ढग आडवा गेला की तुषारचे नोझल फिरता फिरता थबकतात आणि लांबचं टोक कोरडं राहतं. विहिरीतून टाकीत किंवा शेततळ्यात पाणी घेऊन तिथून ठिबक चालवणाऱ्याला याचा त्रास नाही. थेट तुषार लावणाऱ्याला आहे, त्यानं एका वेळी कमी नोझल जोडण्याची तयारी ठेवावी. तारेवर धार एकसारखी असते, अर्थात व्होल्टेज असेल तर आणि डीपी जळालेली नसेल तर. फीडर सौर झाल्यानं डीपी जळायची थांबत नाही, हे या योजनेच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही.

सौरपंपाची खरी अडचण पुढं आहे. किती एचपी मिळणार हे सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर ठरतं: अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढं साडेसात. पाणी किती खोल आहे, हे त्या हिशेबात नाही. त्यामुळं दोन एकरवाल्याचं बोअर तीनशे फुटांवर गेलं असेल तरी त्याच्या वाट्याला तीन एचपीच येतो. तो पंप उन्हाळ्यात, म्हणजे नेमकं ऊन भरपूर असताना, पाणी वर आणायला कमी पडतो. लहान शेतकऱ्याचंही पाणी खोल असू शकतं, हे योजना आखणाऱ्यांना ठाऊक नसेल असं वाटत नाही. नदीवरून लांब पाइपलाइननं पाणी आणणाऱ्यानंही सौरच्या नादी लागू नये.

दुरुस्तीची हमी पाच वर्षं, विमाही त्यात. पुरवठादार तुम्ही यादीतून निवडायचा असतो, तेव्हा एजंट सांगेल तो घेऊ नका. तालुक्यात कुणाकडं त्या कंपनीचा कंट्रोलर बिघडला होता आणि किती दिवसांत माणूस आला, हे विचारा. वायरमन कितीही चिडवणारा असला तरी गावात सापडतो. कंपनीचा माणूस कुठल्या शहरात बसतो ते आधी बघावं.

माझं मत विचाराल तर विहीर असेल, पाणी फार खोल नसेल आणि क्षेत्र पाच एकरांच्या आत असेल, तर सौरपंप घ्या आणि मोकळे व्हा. खोल बोअर, ऊस किंवा उपसा असेल तर तारेचा अर्ज सोडू नका. मात्र बहुतेक ठिकाणी नव्या अर्जदाराच्या हाती आता सौरपंपच ठेवला जातो, म्हणून कोटेशनची पावती जपून ठेवा. सामायिक सातबारा असेल तर इतर हिस्सेदारांची ना हरकत मुद्रांक कागदावर लागते, ती भावकीत गोडी आहे तोवर घ्या.

आता जमीन भाड्याची गोष्ट. सौर वाहिनीसाठी हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, किंवा मुद्रांक विभागाच्या दरानं काढलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यात जास्त असेल ते भाडं मिळतं. म्हणजे एकरी निदान ५० हजार. कोरडवाहू सोयाबीन एकरी सहा-आठ क्विंटल आणि भाव साडेचार हजार धरला, तर खर्च वजा जाता हातात याच्या निम्मंही राहत नाही. त्यामुळं माळरान असेल तर ही बोलणी चांगली आहे. पण वाढ दरवर्षी मूळ रकमेवर ३ टक्के, चक्रवाढ नाही. पंचविसाव्या वर्षी हेक्टरी भाडं २ लाख १५ हजार होईल. महागाई ५ टक्के धरली तर तोवर वस्तूंच्या किमती तिपटीहून वर गेलेल्या असतील. पाण्याची जमीन या दरात देऊ नका.

गायरान देण्याचा ठराव ग्रामसभेत आला तर वेगळा विचार करावा लागेल. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं मिळतात, आणि शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांची जागा मात्र पिढीभरासाठी जाते. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात शेतकऱ्यांनी सौर सहकारी संस्था काढून उरलेली वीज ग्रिडला विकायला घेतली होती. सहकाराचं माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात योजनेनं शेतकऱ्याला ग्राहक आणि जमीनमालक एवढ्याच दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. ग्रामसभेत बोलायची संधी मिळाली तर तिसऱ्या, वीज विकणाऱ्याच्या खुर्चीबद्दल विचारा, ठराव मंजूर होण्याआधी.