सुंतोरीचा गोमा मुगिचा: बीपीवाल्यांसाठीचा जपानी चहा

चवीपासून सुरू करते, कारण 'बीपीसाठी' म्हटलं की आपण आधीच तोंड वाकडं करतो. सुंतोरी या जपानी कंपनीचा हा गोमा मुगिचा, म्हणजे तीळवाला जवाचा चहा, कडू नाही. भाजलेल्या जवाचा खमंग वास, मागून तिळाचा अगदी हलका स्वाद. साखर नाही, कॅफीन नाही. थंडगारच प्यावा, कोमट झाला की मजा जाते.

टोकियोत निशी-कासाईला लेकीकडे आले तेव्हा जावयांनी फ्रीजचा एक कप्पाच या बाटल्यांनी भरून ठेवला होता. ३५० मिलिलीटरची बाटली, दिवसाला एक. वर 'तोकुहो'चं चिन्ह आहे. आरोग्याचा दावा करणाऱ्या खाद्यपदार्थांना जपान सरकार १९९१ पासून तपासून अशी परवानगी देतं. साध्या मुगिचापेक्षा बाटली बरीच महाग पडते, ती या चिन्हामुळे आणि आतल्या तिळाच्या पेप्टाइडमुळे, म्हणजे प्रथिनाच्या बारीक तुकड्यांमुळे.

हे पेप्टाइड काय करतं, ते लेकीने समजावलं. शरीरात एसीई नावाचं एन्झाइम असतं. ते अँजिओटेन्सिन-१चं अँजिओटेन्सिन-२ करतं आणि हे दोन नंबरचं रक्तवाहिन्या आवळतं, की चढला पारा! तिळातलं प्रथिन एन्झाइमने बारीक तोडलं की जे तुकडे मिळतात, त्यांतले काही या एसीईला अडवतात. एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्याही तिथेच अडवतात, फक्त कितीतरी जास्त जोराने. त्या घराण्यातली पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडवरून सुचली होती आणि १९८१ साली अमेरिकेत मंजूर झाली. तिकडे साप, इकडे तीळ! बाटलीवर 'क्वचित खोकला येऊ शकतो' अशी सूचना आहे, ती का, हे 'प्रिल'वाल्या गोळ्या घेणाऱ्यांना सांगायला नको, त्या गोळ्यांनीही काहींना कोरडा खोकला येतो.

मग आमच्या ह्यांनी फोनवर विचारलंच, "संक्रांतीचे लाडू खाल्ले तर नाही का चालणार?" नाही हो. लाडवातलं प्रथिन असं मोजून तोडलेलं नसतं, आपलं पोट ते आपल्या पद्धतीने पचवतं. आणि वरून गूळ!

माझी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू आहे, म्हणून पहिली बाटली उघडण्याआधी इचलकरंजीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत हरकत नाही, पण चहा म्हणून प्या. गोळी चुकवायची नाही." किडनीचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तिळाची ॲलर्जी असेल, तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

बीपी उतरलं का? सकाळचे आकडे बरे येतात. पण इथे मी भरपूर चालते, लोणचं-पापड बंद आहे, रामेन नूडल्सचं खारट सूप वाडग्यातच ठेवते. श्रेय कुणाला देऊ? आंबवलेल्या दुधातल्या पेप्टाइडबद्दलचा असाच दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पुरावा अपुरा म्हणून मान्य केला नव्हता. म्हणून मीही हुरळून जात नाही. दुपारी चार वाजता गोड सरबताऐवजी हा हातात असतो, एवढा फायदा मात्र नक्की.

पाचांपैकी साडेतीन. इथे राहणाऱ्यांनी जरूर घ्यावा, बिनसाखरेचं चवदार पेय म्हणून. परत जाताना मात्र मी साध्या मुगिचाच्या पुड्या नेणार आहे. त्यात हे पेप्टाइड नाही, पण वजनाला हलक्या, आणि घरी पातेलंभर उकळता येतो.