जुनी गाडी, बजेट कमी: आधी ब्रेक-कूलंट की अंडरकोटिंग?

रत्नागिरी-मालवणकडे लाखावर किमी पळालेली गाडी असेल आणि पावसाळ्याआधी एकाच कामाचे पैसे असतील, तर माझं मत सरळ आहे, आधी ब्रेक आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव).

अंडरकोटिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या खालच्या पत्र्यावर मारायचा थर, वाया जातं असं नाही, खारा वारा आणि चार महिने चिखल, पत्रा खालून खातोच. पण गंज हळूहळू चढतो, आणि गंजलेल्या पत्र्यावर तसंच काळं कोटिंग मारलं तर ओल आत अडकते नि तो आतल्या आत वाढतो, म्हणजे आधी घासणं, प्रायमर, तो खर्च वेगळाच. तोवर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा, दरवाज्याखालची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा, बरंच काम फुकटात होतं.

ब्रेक ऑइल मात्र हवेतली ओल शोषतं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! डॉट ४ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओल शोषली की हीच हद्द १५५ च्या आसपास येते, मग आंबा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ते उकळलं तर पेडल सरळ आत जातं. दर दोन वर्षांनी बदलाच. कूलंट गंजासारखं तपकिरी, गढूळ दिसलं तर फ्लश करून (जुनं काढून, आतून धुऊन, नवं भरून) घ्या, नुसतं विहिरीचं पाणी ओतत राहू नका, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं की बिल डोळे पांढरे करतं.

एकच अपवाद, सस्पेंशन बसतं तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल किंवा ब्रेकचे पाइप गंजले असतील, तर ते वेल्डिंग नि पाइप सगळ्यात आधी.